अनसा पाणकरीण आणि पायाला बांधलेली पाळ

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती फार, तर आपल्या पणजीची पणजी तेव्हा पाळण्यात होती. वैनगंगेच्या अंगाला, झाडीपट्टीत, हिरडटोला नावाचं गाव होतं, आणि त्या गावाला जगातली एकच विद्या येत होती. पाणी अडवण्याची. ओहोळ दिसला की बांध घाल, ओल दिसली की माती टाक. असंच करत त्यांनी दोन टेकड्यांच्या मध्ये मातीची मोठी पाळ घातली आणि तिच्यामागे तलाव उभा केला. तलावाखाली धानाच्या बांध्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे छोटे बांध, घालून पाणी धरलेला धानाचा तुकडा. अशा एकशे सात बांध्या एकीखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या, थेट नाल्यापर्यंत उतरत गेल्या होत्या.

पाणी अडवायला अख्खं गाव, पण सोडायला एकच घर. ते पाणकराचं. तलावाच्या पाळीत दगडी मोरी होती, तिला तुडूम म्हणत. तुडुमाच्या तोंडात लाकडी खुंटा. तो कधी उपसायचा, कोणत्या बांधीला किती पाणी द्यायचं, कोणता धुरा कधी फोडायचा, हे सगळं पाणकराने बघायचं. त्या घरचा म्हातारा गेला तेव्हा मागे मुलगा नव्हता. दोन मुली होत्या, अनसा आणि कौतिका. बापाचं फावडं अनसाने उचललं. तिला ते कुणी दिलं नाही, तिने कुणाला विचारलंही नाही.

अनसाच्या नाकावर राग असे, आणि जिभेला हाड नव्हतं. तिचं लग्न झालं होतं, पण तीन महिन्यांत मोडलं. नवरा म्हणे, तिच्या तोंडाला कंटाळून मी सोडून आलो. अनसा म्हणे, मीच हाकलला. ती पहाटे बांध्यांवर निघाली की तिच्या शिव्यांनी गाव जागं होई. धुरा फोडणाऱ्या खेकड्याला शिवी, झोपून राहिलेल्या शेतकऱ्याला शिवी, उशिरा उगवणाऱ्या सूर्यालाही एक. लोक हसत. तिला इतका राग कशाचा येतो, हे मात्र कुणी विचारलं नाही. ते मी सांगतो.

त्या मुलखात पाय सुजण्याचं दुखणं फार. डास चावून ते होतं, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. आधी घोटा जड व्हायचा, मग पोटरी भरायची, मग कातडी जाड होऊन पाय खांबासारखा दिसायचा. हत्तीपाय. मधूनच ताप चढायचा, पाय लाल व्हायचा, बोटांच्या बेचक्यांतून पाणी गळायचं. दुखणं वाईटच. पण गावाने त्या दुखण्याचं जे केलं, ते दुखण्याहून वाईट.

असं म्हणतात की एका साली तलाव फुटला होता. पाळीत घुशींनी बिळं केली होती म्हणून फुटला. पण घुशी पळून गेल्या, आणि त्या दिवशी पाळीवरून चालत गेली होती एक सुजल्या पायाची बाई. चोर सोडून संन्याशाला सुळी! मालगुजार म्हणजे गावाचा मालक. तेव्हाच्या मालगुजाराने निवाडा दिला की हिने तलावाचं पाणी पायात चोरलं, म्हणून तलाव कोपला. तेव्हापासून दोन नेम झाले. सुजल्या पायाच्या माणसाने पाळीवर आणि बांधीत पाऊल टाकायचं नाही, त्याने तलावापलीकडे झोपडं घालून राहायचं. त्या जागेचं नावच पल्याड पडलं. आणि दुसरा नेम दोरीचा. पायात पाणी आहे ना? मग घाला बांध! अंबाडीची दोरी घ्यायची, तलावाच्या देवीपुढे ठेवायची, आणि मालगुजाराच्या हाताने गुडघ्याखाली सात गाठी मारून करकचून आवळायची, म्हणजे पाणी वर चढणार नाही. याला ते पायाला पाळ बांधणं म्हणत. ती दोरी कधीच सोडायची नाही. सोडली तर तलाव फुटेल.

आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी म्हणतात, ते हेच. दोरीखाली पाय आणखी तटतटायचा, काचलेल्या जागी जखम व्हायची, जखमेत किडे पडायचे, आणि माणूस तापाने फणफणून मरायचं. मेलं की गाव म्हणायचं, पाणी फार होतं बिचाऱ्याच्या पायात.

अनसा बारा वर्षांची असताना तिच्या आईला, भिवराला, दोरी बांधली. आई सुटायला धडपडत होती, म्हणून मालगुजार म्हणाला, "पोरी, मायचा पाय धरून ठेव." अनसाने धरला. दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून धरला. आपण आईला वाचवतोय असंच तिला वाटत होतं. "सोड वो अनसा, सोड माय," आई ओरडत राहिली, आणि अनसाने काही सोडलं नाही. नवव्या दिवशी आई गेली. बाईचा राग कुठून आला, आता कळलं? ती खेकड्याला आणि सूर्याला शिव्या द्यायची, कारण स्वतःला किती देणार?

धाकट्या कौतिकाचं लग्न नाल्यापलीकडच्या गावात झालं होतं. एके दिवशी दुपारी तिचा नवरा तिला बैलगाडीतून घेऊन आला. पाळीखाली गाडी थांबवली, बायकोला उतरवलं, तिचं बोचकं खाली टाकलं. बैलांच्या मानेवरचं जूसुद्धा सोडलं नाही, पाणी प्यायला थांबला नाही. "हिचा पाय घ्या तुमचा," म्हणाला आणि गेला. कौतिकाचा उजवा पाय पोटरीपर्यंत सुजला होता.

गावाने नेमाप्रमाणे सगळं केलं. अनसा तेव्हा खालच्या बांध्यांवर होती. ती धावत वर येईपर्यंत सात गाठी बसल्या होत्या. गाठी मारणारा होता आडकू मालगुजार, दोरीचा निवाडा देणाऱ्या मालगुजाराचा नातू. देखणा, बोलायला गोड. टाचेपर्यंत लोळणारं पांढरंशुभ्र धोतर नेसायचा आणि चार पावलं जायचं तरी दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसायचा. चिखलात पाय घातलेला त्याला कुणी पाहिला नव्हता. मोठ्या माणसाचा थाट, असं लोक म्हणायचे.

अनसाने दोरी पाहिली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कमरेचा विळा काढून तिने सर्वांच्या देखत दोरी कापली. सातही गाठी मातीत पडल्या. जमलेल्या बाया किंचाळल्या.

"अनसे!" आडकू ओरडला. "काय करून राहिली तू? तलाव फुटन ना!"

"फुटू दे!" अनसा म्हणाली. "माह्या मायले खाल्लं या दोरीनं. हिले खाऊ देनार नाई. जो हात लावन त्याचा हात जाईन."

विळा तिच्या हातात होता, म्हणून कुणी पुढे आलं नाही. पण तिचं फावडं काढून घेतलं, पाणकराचं काम मालगुजाराच्या पुतण्याला, सुकरूला दिलं, आणि दोघी बहिणींना पल्याड हाकललं. पल्याड आधीच दहा सुजल्या पायांची माणसं राहत होती. कौतिका अकरावी.

आता दोरी कापणं सोपं होतं. त्यापुढे काय करायचं, हे अनसाला ठाऊक नव्हतं. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने तिला कळलं तेवढं केलं. जखम रिठ्याच्या कोमट पाण्याने रोज धुतली. जुनं मऊ लुगडं फाडून बोटांच्या बेचक्या टिपून टिपून कोरड्या केल्या, कारण ओल राहिली की धुरा कुजतो हे पाणकराच्या पोरीला सांगावं लागत नाही. करंजाचं तेल लावलं. बाजेचे पायथ्याकडचे दोन खूर दगडांवर चढवले, म्हणजे निजल्यावर पाय उंच राहील. ताप उतरला. जखम भरली. पण सूज हटेना. मग अनसाने पायाच्या बोटांपासून वर जोर लावून रगडायला सुरुवात केली. पाणी वर ढकलायचं, दुसरं काय! पाणी गुडघ्याशी जाऊन तुंबायचं, गुडघा टरारायचा, आणि कौतिका ओरडायची.

"बाई, पुरे वो! मरतो मी!"

"मरत नाईस! गप पडून राय!" अनसा तिच्यावरच खेकसायची. मग बाहेर जाऊन हमसून हमसून रडायची. हात आपलेच, आणि ओरडणं तेच, आईचं.

श्रावण सरता सरता एका सकाळी ती पल्याडच्या उतारावर उभी होती. समोर बांध्यांत सुकरू पाणी काढत होता. तलावाजवळच्या बांधीत पाणी जास्त झालं म्हणून त्याने तिचाच धुरा फोडला. ते पाणी दुसऱ्या बांधीत गेलं. तीही भरलेली, तिचा धुरा फुटला. सगळं लोंढ्याने तिसरीत. तीही फुटली. उभं धान आडवं झालं.

"अबे गाढवा!" अनसा इकडून बोंबलली. "खालची आधी सोड ना बे! खालची खाली झाल्याबिगर वरचं पानी जाईन कोठी? तुह्या..."

आणि ती शिवी अर्धीच राहिली. असं म्हणतात की अनसाने जन्मात दोनच शिव्या अर्ध्या सोडल्या. त्यातली ही पहिली.

ती पळत झोपडीत आली. कौतिकाला उताणी निजवली. या वेळी तिने पायाला हातच लावला नाही. आधी पोटावरून, मग जांघेवरून, हलक्या हाताने, लेकराच्या अंगावरून फिरवतात तसा हात फिरवला. जिथे पाणी जायचं, ती जागा आधी मोकळी केली. मग मांडी. मग गुडघा, मग पोटरी, सगळ्यात शेवटी बोटं, आणि प्रत्येक वेळी हाताचा ओघ वरच्या बाजूला. मग लुगड्याच्या लांब पट्ट्या काढून बोटांपासून वर गुंडाळत नेल्या. खाली घट्ट, वर सैल. दोरीच्या अगदी उलट. "आता चाल," म्हणाली. कौतिका चालली. तीन दिवसांनी पट्टी ढिली झाली. आठवडाभरात घोट्याचं हाड दिसलं. आपलं हाड पाहून कौतिका अशी हसली, जसा काही माहेरचा माणूस भेटला.

ऐका हं, पाय काही पहिल्यासारखा झाला नाही. कुणी तसं सांगितलं तर ते खोटं. तो थोडा जाडच राहिला, आणि एक दिवस पट्टी चुकली की पुन्हा भरायचा. बांधीसारखंच ते. एकदा पाणी काढलं म्हणजे जन्माचं काम झालं असं नाही, रोज धुऱ्यावर जावंच लागतं. पण कौतिका चालत होती, दळत होती, चप्पल घालत होती. महिन्याभरात पल्याडच्या बाकी दहा जणांनी एकमेकांच्या दोऱ्या कापल्या आणि अकराही जणांनी एकमेकांचे पाय बांधायला घेतले. अनसा मधून फिरायची, आणि पट्टी चुकली की शिव्या घालायची.

मग हस्ताचा पाऊस आला. पाच दिवस पडत राहिला. सहाव्या सकाळी थांबला, पण टेकड्यांवरून पाणी येतच होतं. तलाव काठोकाठ भरला. सुकरूने घाबरून तुडूम उघडला. वरच्या बांध्या फुटू लागल्या, पिकत आलेलं धान वाहू लागलं, तेव्हा त्याने खुंटा ठोकून तुडूम पुन्हा बंद केला आणि फावडं टाकून पळाला. तुडूम उघडावा तर गावाचं वर्षाचं धान जातं, बंद ठेवावा तर पाळ जाते आणि गावही जातं. अशा वेळी माणसाने डोकं चालवावं की नाही? गावाने दोरी चालवली.

कासराभर दिवस वर आला तेव्हा सगळं गाव पल्याड आलं. पुढे दमणीत आडकू मालगुजार, मांडीवर अंबाडीची नवी दोरी.

"पाहिलं का?" तो म्हणाला. "दोरी कापली अन् तलाव कोपला. आना कौतिकेले. दिवस बुडाच्या आत पाळ बांधली पायजे."

कौतिकाने अनसाचा पदर घट्ट धरला. बहिणीकडे न बघता ती एवढंच म्हणाली, "बाई, या बारीनं तू धरजो नोको वो."

ते शब्द अनसाला कुठे लागले असतील, ते तिलाच माहीत. तिने कौतिकाला पाठीशी घातलं आणि ती दमणीसमोर उभी ठाकली.

"माहं फावडं दे," ती म्हणाली. "मी तलाव उतरवतो. उतरला तर ही दोरी तुह्या हातानं कापजो. नाई उतरला, तर कौतिकेच्या नाई, माह्या दोन्ही पायाले बांधजो."

आडकूने लोकांकडे पाहिलं. लोकांनी तलावाकडे पाहिलं. कुणीतरी फावडं आणून दिलं.

अनसाने अकरा जणांना सोबत घेतलं आणि ती थेट नाल्याकडे, अगदी शेवटच्या बांधीवर गेली. सुजल्या पायांना बांधी वर्ज्य, म्हणून वरून लोक ओरडू लागले. अनसा खालून त्यांच्याहून मोठ्याने ओरडली, "या मंग तुम्ही! लावा तुमचे नाजूक पाय!" कुणी आलं नाही. अकरा जण चिखलात उतरले. पट्ट्या बांधलेले जाड पाय त्यांनी चिखलात रोवले, आणि असं म्हणतात की ते पाय असे रुतले की लोंढ्यालाही हलले नाहीत. एकशे सातवी बांधी नाल्यात सोडली. ती रिती झाल्यावर एकशे सहावी. मग एकशे पाचवी. असे खालून वर चढत गेले. प्रत्येक धुऱ्याला अनसा आरोळी द्यायची, "सोड!" आणि धुरा सुटायचा. एकही बांधी फुटली नाही, सुकरूच्या हातून आधी फुटलेल्या बांध्यांखेरीज एकही लोंबी आडवी झाली नाही.

वरच्या बांधीला पोचल्यावर ती पाळीवरच्या आडकूला ओरडली, "तुडूम उघड! खुंटा उपस!"

सुकरू पळालेला. तुडुमाजवळ दमणी उभी, आणि दमणीत मालगुजार. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खुंटा छातीभर पाण्यात होता. पाणकर नसेल तर त्याला फक्त मालकानेच हात लावायचा, असा रिवाज. "मालक, उपसा ना!" सगळं गाव ओरडलं. शेवटी पाळीवरची माती पायाखालून सरकू लागली, तेव्हा तो उतरला, पाण्यात गेला आणि त्याने खुंटा उपसला. पाणी धाडधाड निघालं आणि रित्या बांध्यांमधून, पायरी पायरी उतरत, गुमान नाल्याला लागलं.

तरी तलाव हट्टी. अनसा पाळीवर चढली, कमरेवर हात ठेवून तलावासमोर उभी राहिली, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "काय रे भरल्या पोटाच्या! तुह्या नावानं लोकं मारली आमची! आमच्या मायनं तुह्यातलं पानी चोरलं म्हने! किती चोरलं सांग! ओंजळभर? लोटाभर? अन् तू इतका भरला तरी तुले कमी पडलं का?" असं म्हणतात की तिने उन्हं कलेपर्यंत तलावाला झापलं, एक शिवी दुसऱ्यांदा न वापरता. आणि असं म्हणतात की तलाव लाजला. बघता बघता हातभर खाली गेला. मासे तेवढे तोंडं वर काढून ऐकत राहिले.

मग तिने मागे वळून आडकूला झापायला तोंड उघडलं, आणि तिची दुसरी शिवी अर्धी राहिली.

आडकू पाण्यातून वर आला होता. त्याचं लांब पांढरं धोतर भिजून अंगाला चिकटलं होतं, आणि त्याखालून डावा पाय सगळ्या गावाला दिसत होता. खांबासारखा. घोट्यापासून मांडीपर्यंत. कित्येक वर्षांचा जुना. आणि गुडघ्याखाली दोरीचा एक वळसुद्धा नाही, कधी बांधल्याची खूणसुद्धा नाही.

त्याला ठाऊक होतं. दोरीने काय होतं ते त्याला पुरतं ठाऊक होतं, म्हणून तर त्याने स्वतःला बांधली नाही. लोकांच्या पायाला सात गाठी, आणि आपल्या पायाला लांब धोतर! आज इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगतो, तरी इथे आलो की माझ्या मुठी वळतात.

गाव खवळलं. "बांधा त्याले!" बाप्ये ओरडले. "आवळा!" बाया ओरडल्या. चौघांनी त्याला पाळीवर पाडला, दोघांनी पाय धरून ठेवला, आणि दोरी अनसाच्या हातात दिली. "तूच बांध अनसा. तुह्याच मायले खाल्लं तिनं."

अनसाने दोरी घेतली. ती आडकूच्या पायाशी बसली. पाय धरून बसलेल्या दोघांच्या हातांकडे ती पाहत राहिली, खूप वेळ.

"सोडा त्याले," ती म्हणाली.

त्या दोघांनी हात काढले नाहीत.

"सोडा म्हनतो ना! हात काढा!" ती इतक्या जोराने ओरडली की पलीकडच्या टेकडीवरची पाखरं उडाली. "कौते, पानी आन. रिठे आन. फडकं आन." मग विळा आडकूपुढे टाकला. "काप. बोली झाली होती."

आडकूने दोरी कापली. आणि अनसाने भर उजेडात, सगळ्या गावासमोर, त्याचा पाय धुवायला घेतला. आडकू रडू लागला. "अनसाबाई, माफ केलं का मले?"

"गप बस! पाय धुतला म्हनजे माफ केलं असं समजू नोको. मेलेल्याची माफी मी कोठून आनू?"

तिने फडकं घेतलं आणि अंगठ्याजवळची पहिली बेचकी पुसली. "ही लहानू कुंभाराची," म्हणाली. "त्याले तुह्या बापानं बांधलं." दुसरी बेचकी पुसली. "ही फुलवंतेची. लेकरू पाजत होती, तवा बांधलं." तिसरी पुसली. "ही दसरूची. तो तुह्याच दमनीचे बैल हाकत होता." चौथी, करंगळीजवळची बेचकी पुसताना तिचा हात थांबला. "ही माह्या मायची. भिवराची." मग तिने टाच हातात घेतली, कोरडी केली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अन् धरून ठेवनारी मी."

एवढं बोलली, आणि पट्टी बांधायला लागली. खाली घट्ट, वर सैल.

त्या दिवसापासून आडकू रोज सकाळी पायी पल्याड जाई. आधी अकरा जणांचे पाय धुवायचे, मग स्वतःचा, असा अनसाचा हुकूम. धोतर गुडघ्यावर. कौतिका त्याला बांधायला शिकवी, आणि चुकला की अनसा शिव्या घाली. त्याला तिने शेवटपर्यंत माफ केलं नाही, आणि एक दिवस त्याची पट्टीही चुकवू दिली नाही. पुढे पल्याड कुणी राहिलंच नाही, सगळे गावात आपापल्या घरी आले. अनसा म्हातारी झाली आणि एका हस्तात फावडं घेऊन शेवटच्या बांधीकडे गेली, ती कुणाला परत दिसली नाही. तलाव काठाला लागला की नाल्याकडून कुणीतरी खणखणीत शिव्या घालतंय असं ऐकू येतं, आणि मग पाणी उतरतं, असं म्हणतात.

आता तिथे नर्सबाई येतात, सगळ्यांना गोळ्या देतात, आणि गाव त्या मुकाट घेतं. पण हस्त संपल्यावर हिरडटोल्यात अजून एक दिवस पाळतात. त्या दिवशी सर्वांत खालची बांधी आधी सोडतात, "अनसा, सोड!" अशी आरोळी देऊन. मग ज्यांचे पाय सुजलेले आहेत ती माणसं पाळीवर येऊन बसतात. धोतर, लुगडं, पँट, जे असेल ते गुडघ्याच्या वर. भर उन्हात, झाकायचं काही नाही. आणि गावातलं प्रत्येक माणूस, मालगुजाराच्या घरचे सगळ्यांत आधी, त्यांच्यापुढे बसून पाय धुतं. बेचक्या पुसताना चारही नावं घ्यायची. लहानू. फुलवंता. दसरू. भिवरा. मग टाच कोरडी करायची, आणि अनसा शेवटी बोलली तेच बोलायचं.

गेल्या वर्षी सहा वर्षांची एक पोरगी पहिल्यांदा धुवायला बसली होती. चारही नावं तिने नीट घेतली. मग आजीकडे वळून विचारलं, "पन मी तं कोनाले धरलं नाई ना?"

"म्हन," आजी म्हणाली. "सारेच म्हनतात."

पोरीने टाच पुसली आणि म्हणाली, "अन् धरून ठेवनारी मी."